फुकट खेळांचें मोल

बाजारांत एखादा दुकानदार दारांत उभा राहून "या, हवें तें घेऊन जा, पैसे देऊं नका," असें म्हणूं लागला, तर आपण आनंदित होण्यापूर्वीं थोडे साशंक होऊं. या गृहस्थाची चूल कशावर पेटते, असा प्रश्न आपल्या मनांत सहजच उद्भवेल. परंतु हातांतील मोबाइलवर किंवा टॅब्लेटवर एखादा नवा खेळ उतरवून घेण्याची वेळ येते, तेव्हां हाच साधा प्रश्न विचारण्याचें आपणांस सुचत नाहीं. 'फुकट आहे' एवढें उत्तर पुरेसें वाटतें, आणि घरांतील वडील माणसेंही बहुधा तेवढ्यावरच संतुष्ट होतात. हा फुकटचा व्यवहार प्रत्यक्षांत कसा चालतो, त्यांत कोण काय देतो व कोण काय घेतो, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम हा बाजार कसा उघडला तें पाहूं. २००७ सालीं अ‍ॅपल कंपनीचा आयफोन निघाला, तेव्हां बाहेरच्या लोकांनीं रचलेलीं अ‍ॅप्स त्यावर चढविण्याची सोय नव्हती. पुढील वर्षीं, १० जुलै २००८ रोजीं, त्या कंपनीनें 'अ‍ॅप स्टोअर' नांवाची पेठ सुरू केली. आरंभीं तींत सुमारें पांचशें अ‍ॅप्स होतीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत गूगलनें अँड्रॉइडच्या फोनांसाठीं आपली पेठ उघडली. तेव्हांची रीत वाण्याच्या दुकानासारखी होती. कांहीं माल फुकट, कांहीं विकत. विकतचा घेतला तर एकदां पैसे मोजले कीं व्यवहार संपला. २००९ सालीं अ‍ॅपलनें खेळ चालूं असतांनाच आंतल्या आंत खरेदी करण्याची मुभा दिली, व त्याच वर्षीं ती फुकट खेळांनाही लागू केली. दारावर कांहीं घ्यावयाचें नाहीं, गिऱ्हाईक आंत रमल्यावर घ्यावयाचें, ही जत्रेंतील तंबूवाल्यांस पूर्वींपासून ठाऊक असलेली युक्ति या पेठेंत तेव्हांपासून रूढ झाली.

या व्यवहाराचें स्वरूप समजून घेण्यास २०१४ सालाचे पहिले तीन महिने फार उपयोगी पडतात. डाँग न्गुयेन हा व्हिएतनामची राजधानी हॅनोई येथील तरुण. टॅक्सीगाड्यांच्या मार्गदर्शक यंत्रांसाठीं प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी करून फावल्या वेळांत त्यानें एकट्यानें 'फ्लॅपी बर्ड' नांवाचा खेळ रचला, व २४ मे २०१३ रोजीं तो पेठेंत ठेवला. खेळ अगदीं बाळबोध! पडद्यावर एक गुबगुबीत पक्षी असतो. बोटानें टिचकी मारली कीं तो किंचित् वर उडतो, न मारली तर खालीं पडूं लागतो. समोरून हिरवीं नळकांडीं येतात, त्यांच्यामधील फटींतून त्यास सुखरूप न्यावयाचें. एक फट ओलांडली कीं एक गुण. नळकांड्यास जरा स्पर्श झाला कीं खेळ संपला. नवशिक्यास दोनतीन गुण मिळविणेंही कठीण जाई. पण हरल्यावर पुन्हां आरंभ करण्यास क्षणही लागत नसे, आणि 'आतां जमेल, आतां जमेल' या आशेंत तासच्या तास निघून जात.

कित्येक महिने या खेळाकडे कोणी ढुंकूनही पाहिलें नाहीं. मग २०१४ च्या जानेवारींत तो एकाएकीं अमेरिकेंतील फुकट अ‍ॅपांच्या यादींत अग्रस्थानीं जाऊन बसला. पांच कोटींहून अधिक वेळां तो उतरवून घेतला गेला. खेळास किंमत नव्हती. पडद्यावर जाहिरातीची एक लहानशी पट्टी मात्र असे. तिच्यापासून दररोज सुमारें पन्नास हजार डॉलर मिळतात, असें न्गुयेननें एका वार्ताहरास सांगितलें. त्या वेळच्या दरानें ही रक्कम तीस लाख रुपयांहून अधिक होते. आणि ८ फेब्रुवारी रोजीं, बावीस तासांनीं आपण हा खेळ पेठेंतून काढून घेणार, असें त्यानें जाहीर केलें, व सांगितल्याप्रमाणें काढून घेतला! निवांत असतांना चार मिनिटें विरंगुळा व्हावा म्हणून हा खेळ केला होता, परंतु लोकांस त्याचें व्यसन जडलें, असें कारण त्यानें पुढें मुलाखतींत दिलें. त्याच्याकडे आलेल्या पत्रांत नोकऱ्या गमावलेल्या माणसांच्या व मुलांशीं बोलणेंच टाकलेल्या एका आईच्या हकीकती होत्या. रोजचें एवढें उत्पन्न स्वहस्तें बंद करणारा मनुष्य कोणत्याही धंद्यांत विरळाच. २०२४ सालीं दुसऱ्याच मंडळींनीं त्या नांवाचे हक्क मिळवून खेळ पुन्हां आणण्याचें जाहीर केलें, तेव्हां आपला त्याशीं कांहीं संबंध नाहीं, असें न्गुयेननें जगास कळविलें.

आतां ते पन्नास हजार डॉलर देत कोण होतें? अर्थात् जाहिरातदार. त्यांनीं विकत घेतलें तें खेळणाऱ्याचें लक्ष. हा सौदा कसा होतो तें पाहण्यासारखें आहे. आपण खेळांतील एक पायरी संपवितों आणि पडद्यावर क्षणभर जागा रिकामी होते. तेवढ्या अवधींत त्या जागेचा लिलाव होतो. फोनाची जात, त्यावरील भाषा, अदमासे ठिकाण व फोनास दिलेला एक ओळखक्रमांक ही माहिती लिलावांत मांडली जाते. बोली लावण्याचें काम यंत्रेंच करतात, आणि सेकंदाचा अल्पांश उलटण्यापूर्वीं ज्याची बोली वरचढ, त्याची जाहिरात आपल्यापुढें उभी राहते. ओळखक्रमांक सर्व अ‍ॅपांस एकच दिसत असल्यामुळें, सकाळीं आपण काय पाहिलें व सायंकाळीं काय खेळलों, याची सांगड घालतां येते. २०२१ सालापासून अ‍ॅपलच्या फोनांवर असा माग काढण्यापूर्वीं मालकाची अनुमति विचारावी लागते. या प्रश्नास 'नाहीं' असें उत्तर दिल्यामुळें खेळ बंद ठेवतां येत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांस माहीत नसते, व ते घाईंत 'होय' म्हणून मोकळे होतात.

लक्षाची किंमत पैशांत दिसत नाहीं, म्हणून तिचा हिशेब वेळांत करूं. समजा, एखादा मुलगा रोज वीस जाहिराती पाहतो व प्रत्येक अर्ध्या मिनिटाची आहे. रोजचीं दहा मिनिटें झालीं. वर्षाचे साठ तास होतात, म्हणजे दिवसास सहा तास धरले तर शाळेचे दहा दिवस! आणि हा काळ खेळण्याचा नव्हे, खेळ पुन्हां सुरू होण्याची वाट पाहण्याचा.

जाहिरातीहून अधिक कुशल असा दुसरा मार्ग म्हणजे आंतली खरेदी. 'कँडी क्रश सागा' हा 'किंग' कंपनीचा खेळ २०१२ सालीं मोबाइलवर आला. त्यांत खेळणाऱ्यास पांच जीव मिळतात. हरलें कीं एक जीव जातो, आणि गेलेला जीव परत येण्यास अर्धा तास लागतो. पांचही संपले कीं थांबा, मित्रांकडे मागा, अगर पैसे द्या. येथील मर्म असें कीं, कंटाळा येण्यापूर्वींच खेळ हातांतून काढून घेतला जातो. जेवण अर्ध्यावर आलें असतां ताट उचलून नेलें, तर मनुष्य जसा तळमळेल तशी खेळणाऱ्याची स्थिति होते, आणि अशा स्थितींत थोडे पैसे देणें जड वाटत नाहीं.

अशा अनेक खेळांत पैसे सरळ रुपयांत मागितले जात नाहींत, हेंही ध्यानांत घ्यावें. आधीं रुपये देऊन रत्नें किंवा सोन्याचीं नाणीं घ्यावयाचीं, मग त्या नाण्यांनीं तलवार अगर पोशाख घ्यावयाचा. समजा, तलवारीची किंमत ऐशीं रत्नें असली आणि रत्नांची जुडी शंभराचीच मिळत असली, तर वीस रत्नें उरतात. त्या उरलेल्या विसांचें कांहीं व्हावें म्हणून पुढची जुडी घेतली जाते. तलवार कितीला पडली, हा त्रैराशिकाचा हिशेब खेळाच्या भरांत कोण करतो? बहुतेक खेळणारे एक पैही देत नाहींत. अगदीं थोडे लोक अतोनात देतात, व बहुतेक उत्पन्न त्यांच्यापासून येतें. अशा गिऱ्हाइकास या धंद्यांत 'देवमासा' म्हणतात. हा शब्द जुगारगृहांतून आला आहे, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

जुगाराचें नांव निघालें, म्हणून आणखी एक गोष्ट. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें फर्स्टर या सहकाऱ्यासह कबुतरांवर केलेले प्रयोग १९५७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. चोंच मारली कीं दाणा, अशी सोय त्यांनीं केली होती. दाणा केव्हां मिळेल याचा नेम नसला, कधीं चार वेळां तर कधीं चाळीस वेळां चोंच मारल्यावर तो येऊं लागला, म्हणजे पक्षी झपाट्यानें व न थांबतां चोंच मारीत राही. कांहीं खेळांत पैसे देऊन बंद पेटी घ्यावयाची असते, आणि ती उघडल्यावर आंतून दुर्मिळ वस्तु निघेल कीं क्षुल्लक, तें दैवावर असतें. तो दाण्याचाच प्रकार. बेल्जमच्या जुगारनियामक मंडळानें २०१८ सालीं कांहीं प्रसिद्ध खेळांतील अशा पेट्या हा जुगारच होय, असा निर्णय दिला.

मुलांच्या हातून होणारी खरेदी हा प्रश्न तर सरकारदरबारींही गेला. १५ जानेवारी २०१४ रोजीं, म्हणजे फ्लॅपी बर्डची सर्वत्र चर्चा चालूं होण्याच्या सुमारास, अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगानें अ‍ॅपलशीं झालेली तडजोड प्रसिद्ध केली. आयोगाचें म्हणणें असें होतें कीं, आईबापांनीं एकदां सांकेतिक शब्द घातला कीं पुढील पंधरा मिनिटें तो पुन्हां विचारला जात नसे, व ही गोष्ट त्यांस सांगितलीही जात नसे. तेवढ्या वेळांत मुलें हवी तितकी खरेदी करीत. एका मुलीनें प्राण्यांच्या एका खेळांत २,६०० डॉलर खर्चिल्याची तक्रार होती. अ‍ॅपलनें किमान सवातीन कोटी डॉलर परत करण्याचें मान्य केलें, व त्याच वर्षीं सप्टेंबरांत गूगलनेंही किमान एक कोटी नव्वद लाख डॉलर परत करण्याचें कबूल केलें. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. परंतु ती बंदी पैसे जिंकण्याच्या आशेनें लावलेल्या पैशांवर आहे. नुसते जीव किंवा रत्नें विकत घेणें तिच्या बाहेर राहतें. तेथें पहारा घरच्यांनींच करावयाचा.

फुकट म्हणजे सर्व वाईट, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या पचिशीचें विलायतेंतून फिरून आलेलें रूप म्हणजे लुडो. त्याचा 'लुडो किंग' हा मोबाइलवरील अवतार नवी मुंबईंतील एका कंपनीनें २०१६ सालीं काढला. तो फुकट मिळतो व जाहिराती दाखवितो. २०२० च्या टाळेबंदींत निरनिराळ्या गांवीं अडकून पडलेलीं कुटुंबें त्याच्या पटावर एकत्र बसलीं. त्या दिवसांत चार जाहिराती पाहून नातवाशीं डाव टाकतां आला, तर तो सौदा महाग होता असें मला तरी म्हणवत नाहीं.

पण फुकटपणाची किंमत केवळ खेळणारा देत नाहीं, कारागीरही देतो. ६ फेब्रुवारी २०१४ रोजीं ॲशर व्होल्मर व ग्रेग वोलवेंड या अमेरिकन जोडीचा 'थ्रीज' हा खेळ पेठेंत आला. सोळा घरांचा चौकोन, त्यांत अंकांच्या फरशा सरकवावयाच्या. एक व दोन मिळून तीन. मग तीन व तीन मिळून सहा, सहा व सहा मिळून बारा. एवढा साधा नियम सांपडण्यासाठीं त्यांनीं चौदा महिने खर्चिले. कित्येक कल्पना केल्या व टाकून दिल्या. किंमत सुमारें दोन डॉलर होती. थोड्याच दिवसांत त्याच्या फुकट नकला निघूं लागल्या. मार्च महिन्यांत गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन तरुणानें अशाच खेळांवरून एका शनिवार-रविवारांत '२०४८' हा खेळ रचून जगास मोफत देऊन टाकला. त्यानें तो पैशांसाठीं केला नव्हता, व आंतील लिखाणही सर्वांस खुलें ठेवलें होतें. त्यास चोर म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु आज '२०४८' ठाऊक असलेल्यांपैकीं 'थ्रीज'चें नांव किती जणांनीं ऐकलें आहे, हें आपल्या वर्गांत विचारून पाहावें. व्होल्मर व वोलवेंड यांनीं आपल्या चौदा महिन्यांचा पत्रव्यवहार लोकांपुढें ठेवला, तो कित्येक हजार शब्दांचा आहे. जो खेळ नकलाकारास दोन दिवसांत साधतो, तो प्रथम सांपडण्यास काय लागतें, हें त्यावरून कळतें.

२०१५ सालीं या जोडीनें 'थ्रीज'ची फुकट आवृत्ति काढली. तींत कांहीं डाव झाले कीं खेळ थांबतो, आणि पुढचे डाव हवे असतील तर जाहिरात पाहावी लागते.