फळ एकच, अर्क निरनिराळे

पन्नाशी ओलांडली की अनेक पुरुषांना रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, धार बारीक होते, जाऊन आलं तरी पुरतं मोकळं वाटत नाही. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने हे बऱ्याचदा होतं. त्यावर युरोप-अमेरिकेत सर्रास घेतली जाणारी वनस्पती म्हणजे सॉ पाल्मेटो, फ्लोरिडा-जॉर्जियाकडचा खुजा, दातेरी देठांचा पाम. त्याच्या काळपट फळांचा अर्क कॅप्सूलमधून विकला जातो. पण डबीवरचं नाव एक असलं, तरी आतला ऐवज एक असेलच असं नाही.

या फळात लॉरिक, ओलेइक अशी मेदाम्लं आणि थोडी स्टेरॉल असतात. गुण येतो तो यांच्यामुळे, असं मानलं जातं. हळदीचा रंग फोडणीच्या तेलात उतरतो, तशी ही द्रव्यं स्निग्ध द्रावकातच उतरतात. फळांचा काढा केला तर ती बहुतांशी चोथ्यातच राहतात. नुसत्या पुडीत ती असतात, पण विरळ. हेक्झेनने काढलेल्या एक ग्रॅम अर्कासाठी सात ते अकरा ग्रॅम सुकी फळं लागतात. म्हणजे 320 मिलिग्रॅम पूड आणि 320 मिलिग्रॅम अर्क यांत कितीतरी पटींचा फरक पडतो.

अर्क काढण्याच्या मुख्य रीती तीन. हेक्झेन तेलकट अंश चांगला ओढतं, पण नंतर ते पूर्ण उडवून अवशेष तपासावे लागतात. इथेनॉल वापरलं तर काही मेदाम्लांचं एस्टरमध्ये रूपांतर होतं. तिसरी रीत कार्बन डायऑक्साइडची. 31 अंश सेल्सिअस आणि सुमारे 73 वातावरण दाबाच्या वर हा वायू द्रावकासारखा वागतो. दाब काढला की उडून जातो आणि तेल मागे उरतं.

अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 225 पुरुषांना वर्षभर कार्बन डायऑक्साइडने काढलेला अर्क किंवा बिनऔषधी गोळी दिली गेली. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. 2011 च्या चाचणीत इथेनॉलचा अर्क नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत नेला, तरी उपयोग झाला नाही. युरोपीय औषध संस्थेने हेक्झेनच्या अर्काला ‘प्रस्थापित वापर’ हा दर्जा दिला, इथेनॉलच्या अर्काला केवळ ‘पारंपरिक वापर’ हा. विविध अर्कांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा मात्र फारसा आशादायक नाही.

म्हणून एका अर्काचा निष्कर्ष दुसऱ्याच्या जाहिरातीत वापरणं ही रुग्णाची फसवणूक आहे. डबीवर द्रावक, अर्काचं प्रमाण आणि मेदाम्लांची टक्केवारी छापलेली नसेल, तर ती घेऊ नये. लघवीतून रक्त जात असेल किंवा लघवी तुंबली असेल, तर कोणत्याही अर्काची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.