प्रिन्स नसीम : गाजावाजा किती आणि गुद्दा किती?

दोस्तांनो, गोष्टीतला उडता गालिचा तुम्हांला ठाऊकच आहे. पण अशा गालिच्यावर बसून मुष्टियुद्धाच्या रिंगणाकडे येणारा पठ्ठ्या कधी ऐकलाय? ११ मार्च २००० या दिवशी लंडनमध्ये अगदी हेच घडलं. दिवे लखलखत होते, संगीत दणदणत होतं आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून तरंगत स्वारी येत होती नसीम हमीदची. सगळं जग त्याला ‘प्रिन्स नसीम’ म्हणायचं. उंची पाच फूट चार इंच, वजन जेमतेम ५७ किलो आणि अंगावर बिबट्याच्या ठिपक्यांची चड्डी! एरवी हा गडी रिंगणात शिरायचा तोही वरच्या दोरावरून कोलांटी मारून. मग बोलबच्चन सुरू. समोरच्याला कितव्या फेरीत झोपवणार, हेसुद्धा तो आधीच सांगून टाकायचा.

‘गर्जेल तो पडेल काय’ असं आपण म्हणतो. पण गंमत म्हणजे हा गर्जायचाही आणि बरसायचाही. त्या रात्रीसुद्धा दक्षिण आफ्रिकेच्या अनुभवी वुयानी बुंगूला त्याने चौथ्याच फेरीत आडवं केलं. मग तरीही जाणकार मंडळी मान का हलवत होती? नसीम खरोखर थोर होता, की बडा घर पोकळ वासा?

आधी त्याच्या बाजूने बोलू. नसीमचे आईवडील येमेनमधून इंग्लंडला आलेले. शेफिल्ड या पोलादाच्या शहरात त्यांचं छोटंसं दुकान होतं. जवळच ब्रेंडन इंगल नावाचे गुरुजी पोरांना मुष्टियुद्ध शिकवायचे. त्यांची तऱ्हा न्यारी! तालमीच्या जमिनीवर रंगाने रेघा आखलेल्या आणि पोरांनी त्या रेघांवरून पावलं टाकत घोटून घोटून सराव करायचा. सराव-लढतीत डोक्यावर मारायला बंदी. नसीम तिथे आला तेव्हा सात वर्षांचा होता. त्याचं ते माकडासारखं चपळ अंग रात्रीत तयार झालं नव्हतं, बरं का! ३० सप्टेंबर १९९५ रोजी कार्डिफमध्ये त्याने स्टीव्ह रॉबिन्सनला आठव्या फेरीत हरवलं आणि एकविसाव्या वर्षी फेदरवेट गटात जगज्जेतेपद मिळवलं.

आणि त्याचा गुद्दा? तो अगदी अस्सल! कारकिर्दीतल्या ३६ विजयांपैकी ३१ वेळा सामना संपेपर्यंत प्रतिस्पर्धी टिकलाच नाही. नुसत्या जाहिरातीने कुणी जमिनीवर पडत नाही.

आता दुसरी बाजू. मुष्टियुद्धाचा पहिला धडा असा : हात वर, हनुवटी छातीकडे, पाय जमिनीत रोवलेले. नसीम नेमकं उलटं करायचा. हात कमरेपाशी, हनुवटी हवेत आणि पाय कधी कुठे, कधी कुठे. ठोसा भलत्याच कोनातून यायचा, म्हणून समोरचा गोंधळायचा. पण ठोसा हुकला की नसीमचा तोल जायचा आणि त्या क्षणी तो उघडा पडायचा. मात्र तो फायदा उचलायला समोरचा शांत डोक्याचा हवा ना! इतका गोंगाट, इतकी बडबड ऐकून अर्धे जण घंटा वाजण्याआधीच गांगरलेले असायचे. म्हणजे बघा, हा गाजावाजाही त्याचं एक हत्यारच होतं.

धोक्याची घंटा वाजली १९ डिसेंबर १९९७ रोजी. न्यूयॉर्कचं प्रसिद्ध मॅडिसन स्क्वेअर गार्डन, नसीमची अमेरिकेतली पहिली लढत आणि समोर तिथलाच केव्हिन केली. पहिल्याच फेरीत नसीम खाली! मग तो उठला, पुन्हा पडला, पुन्हा उठला. दोघेही तीन-तीन वेळा पडले आणि चौथ्या फेरीत केली उठलाच नाही. काय थरार! सगळीकडे नसीमच्या हिमतीचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण एक साधा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही : जो इतका थोर, तो तीन वेळा पडला कसा? १९९८ च्या सुमारास इंगल गुरुजींशीही त्याचं फाटलं. चूक दाखवून कान धरणारं माणूसच गेलं. नंतरही तो जिंकत होता, त्यामुळे दुखणं झाकलेलं राहिलं.

मग आली ७ एप्रिल २००१ ची रात्र. लास वेगास शहर आणि समोर मेक्सिकोचा मार्को अँटोनिओ बरेरा. दोघेही सत्तावीस वर्षांचे. नसीमची पाटी ३५ पैकी ३५ विजय अशी कोरी करकरीत, तर बरेरा आधी तीनदा हरलेला. बरेरा एरवी अंगावर धावून जाणारा. पण त्या रात्री तो आलाच नाही धावून! नसीमचा जोर डाव्या हातात, म्हणून बरेरा सतत त्या हातापासून दूर सरकत राहिला. नसीमचा ठोसा हुकेपर्यंत थांबायचं आणि मग सरळ, साधे, शाळेत शिकवतात तसे ठोसे मारायचे. नसीम हसला, नाचला, खिजवून झालं. बरेरा ढिम्म.

निकालात थोडं गणित आहे. एकूण फेऱ्या बारा. जो फेरी जिंकतो त्याला साधारणपणे १० गुण, हरणाऱ्याला ९. शेवटच्या फेरीत बरेराने नसीमचं डोकं कोपऱ्यातल्या गादीवर ढकललं, म्हणून त्याचा एक गुण कापला गेला. तिघा परीक्षकांचे आकडे होते ११५-११२, ११५-११२ आणि ११६-१११. आता करा हिशेब. पहिल्या दोघांच्या मते बरेरा आठ फेऱ्या जिंकला, तिसऱ्याच्या मते नऊ. कापलेला गुण धरूनही निकाल स्पष्टच होता.

माझं मत विचाराल तर नसीम पोकळ नव्हता. गुद्दा खरा, चपळाई खरी. पण त्याला जगातला सर्वश्रेष्ठ म्हणणारा गाजावाजा त्याच्या खऱ्या कुवतीपेक्षा चार पावलं पुढे पळत होता. काही जण त्याची तुलना महंमद अलीशी करत. अलीही बढाया मारायचा आणि हात खाली ठेवायचा. पण १९७१ मध्ये जो फ्रेझरकडून हरल्यावर अली परत आला, झगडला आणि १९७४ मध्ये किन्शासा इथे जॉर्ज फोरमनला पाडून पुन्हा जगज्जेता झाला. नसीमने मात्र बरेराशी दुसरी लढत केलीच नाही. मे २००२ मध्ये लंडनला मॅन्युएल कॅल्वोविरुद्ध तो बारा फेऱ्या खेळून जिंकला, आणि तेवढंच. तेव्हा त्याचं वय होतं अवघं अठ्ठावीस.

२०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध कीर्तिमंदिरात त्याला मानाचं स्थान मिळालं. मोठ्या पैलवानांच्या ओळीत बसायला तो पात्र होता, याबद्दल माझा वाद नाही. पण बरेराकडून हरल्यावर नवा गुरू करून, हात वर धरून तो आणखी पाच वर्षं लढला असता, तर त्या ओळीत त्याची खुर्ची कितवी असती? घरात कुणी मुष्टियुद्धाचा शौकीन असेल, तर विचारून पाहा. उत्तर एकाच वाक्यात मिळणार नाही, एवढं नक्की.