घरचा स्टुडिओ (भाग ७) : पाच मीटरच का?

मागच्या भागात आपण सिंथेसायझर एका भिंतीला आणि संगणक खोलीच्या दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी ठरवली. संगणकाच्या पंख्याचा आवाज माइकपासून लांब राहतो, म्हणून ती चांगलीच आहे. अडचण केबलची. सिंथच्या मागच्या चौकोनी यूएसबी सॉकेटपासून भिंतीच्या कडेकडेने आलं, तर आठ-नऊ मीटर केबल सहज लागते आणि यूएसबी २.० ची मर्यादा आहे ५ मीटर.

लांब तारेत सिग्नल क्षीण होतो म्हणून ही मर्यादा, असा समज आहे. सिग्नल क्षीण होतो हे खरं, पण मूळ कारण वेळेचं आहे. यूएसबीत बोलायला सुरुवात नेहमी संगणकच करतो. वर्गातल्या हजेरीसारखं : नाव पुकारलं की लगेच उत्तर हवं, उशीर झाला की गैरहजर. वाट पाहण्याची मुदत सुमारे दीड मायक्रोसेकंद. तारेत सिग्नलला मीटरमागे सुमारे ५.२ नॅनोसेकंद लागतात आणि नियमाने एका केबलच्या वाट्याला २६ नॅनोसेकंद येतात. भागाकार केला की ५ मीटर. वाटेत पाच हब आणि सहा केबल्स आहेत, असं धरून हा हिशेब केलेला असल्यामुळे हब नसताना आठ मीटरची केबल कधी कधी चालूनही जाते. पण ऐन रेकॉर्डिंगमध्ये सिंथ संगणकाच्या यादीतून नाहीसा होऊ शकतो. तो धोका मी घेणार नाही. तुम्हीही घेऊ नका.

लांब केबलमुळे सूर उशिरा वाजतात, ही भीती मात्र काढून टाका. २६ नॅनोसेकंद कुठल्याच कानाला कळत नाहीत. दोन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत यायलाच जवळपास ६ मिलिसेकंद लागतात. उशीर जाणवत असेल तर सॉफ्टवेअरमधला बफर तपासा : ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे ५.३ मिलिसेकंद.

केबल निकृष्ट असली की काय होतं, ते सिंथवर अवलंबून आहे. फक्त मिडी संदेश जात असतील, तर बिघडलेला संदेश पुन्हा पाठवला जातो. काही सिंथ यूएसबीवरून प्रत्यक्ष ध्वनीही पाठवतात. तिथे पुन्हा पाठवायला सवड नसते, त्यामुळे चुकलेला तुकडा थेट ‘टक्’ असा ऐकू येतो.

उपाय तीन. ५ मीटरवर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब ठेवायचा, किंवा आत रिपीटर असलेली ॲक्टिव्ह केबल घ्यायची. साधी एक्स्टेंशन घेऊ नका, ती यूएसबीच्या नियमांत बसतच नाही. तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो : सिंथला गोल पाच पिनांचं मिडी सॉकेट असेल तर तेच वापरा. १९८३ साली बाजारात आलेली ही जोडणी सेकंदाला ३१,२५० बिट्स एवढीच सावकाश चालते आणि उत्तराची वाट पाहत नाही, म्हणून १५ मीटरपर्यंत निर्धोक जाते. मिडी इंटरफेस संगणकाजवळ ठेवला की यूएसबी केबल हातभर पुरते. सिंथ ध्वनीही यूएसबीवरून पाठवत असेल, तर मात्र तो ऑडिओ केबलने वेगळा आणावा लागेल.

या गोल सॉकेटचा आणखी एक मोठा फायदा आहे. यूएसबीने सिंथ आणि संगणकाचं ग्राउंड जोडलं जातं, ऑडिओ केबलनेही जोडलं जातं, आणि त्यातून ग्राउंड लूप तयार होतो. माउस हलवला की स्पीकरमधून बारीक चिरचिर येते, ती बहुतेकदा याचीच. मिडीच्या इन सॉकेटमागे ऑप्टोकपलर असतो. आत एक छोटा एलईडी लुकलुकतो, समोरचा सेन्सर तो प्रकाश टिपतो. मधे विजेची जोडणीच नाही. यूएसबीच हवं असेल तर यूएसबी आयसोलेटर मिळतो. त्यातले बरेच १२ मेगाबिटपर्यंतच चालतात. मिडीपुरतं ते भरपूर आहे, ध्वनी पाठवणाऱ्या सिंथसाठी मात्र आधी त्याच्या पुस्तिकेत वेग पाहून घ्या. आणि चिरचिर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. आतली वायर सुटून धातूच्या पेटीला लागली, तर शॉक तुम्हालाच बसेल.