अर्जात जात, भाड्याला आडनाव

सिडकोच्या २६ हजार घरांची सोडत फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाली, तेव्हा रकानेच्या रकाने छापून आले. किमती परवडतात का, तळोजा लांब पडतं का, वगैरे. अर्जासोबतच्या जातीच्या दाखल्यावर मात्र कुणी शब्द खर्च केला नाही. राखीव गटातल्या माणसाने सिडकोला तो दाखला द्यायचा आणि ताबा मिळेपर्यंत खारघरला भाड्याची जागा शोधताना तोच दडवायचा. एजंट जात विचारत नाही. ‘फॅमिली व्हेज आहे ना, सर?’ आणि मग, ‘पूर्ण नाव सांगा, मालकांना कळवतो.’ आडनाव कळलं की मालकाचा भाचा अचानक गावाहून राहायला येतो.

बाबूराव बागुलांनी ही गोष्ट १९६३ मध्येच लिहून ठेवली आहे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेजवळ उधन्याला जातो, खोलीसाठी जात लपवतो, पकडला जातो, मार खातो. १९१७ मध्ये बडोद्याला डॉ. आंबेडकरांनाही पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत उतरावं लागलं होतं. लाठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढलं.

बागुलांच्या कथेवर बोलणारे बहुतेक जण नायकाचंच दुःख उगाळतात. मला विचाराल तर कथा काशिनाथ सकपाळची आहे. तोही त्याच जातीचा, मुंबईचाच. पण जात तोंडावर सांगणारा, जवळ चाकू बाळगणारा. नायकाला सोडवायला तोच धावतो. बागुलांची खरी मेख इथे आहे : लपवणारा सगळ्यांचा लाडका, न लपवणारा भांडखोर. आजही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर १४ एप्रिलला ‘जय भीम’ लिहिणारा ‘पॉलिटिक्स आणतो’. बाकीच्यांचे सण मात्र संस्कृती.

एजंटचा तो खाण्याचा प्रश्न निरुपद्रवी वाटत असेल, तर नावाचं काय? सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा अभ्यास बघा. दिल्ली परिसरात वेगवेगळ्या नावांनी घरमालकांना फोन लावले, तर दलित आणि मुस्लिम नावांच्या वाट्याला नकार जास्त आले.

सुरुवात आपल्या सोसायटीपासून करता येईल. सहकारी सोसायट्यांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तुमच्या सोसायटीच्या भाडेकरूच्या अर्जात खाण्याचा रकाना असेल, तर यंदा तो काढायचा ठराव आणा. सूचक तुम्हीच व्हा.