दोन गाद्या आणि एक पलटण



आसगांव व भोंवतालचा भंडारा मुलूख एके काळीं नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत होता. १८५३ सालीं तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, डलहौसीनें दत्तक मान्य केला नाहीं आणि तें राज्य खालसा झालें. दत्तकाचा प्रश्न म्हणजे संस्थानाच्या जीवनमरणाचा प्रश्न! विसाव्या शतकांत हाच प्रश्न ज्यांच्या आयुष्यांत दोनदां उभा राहिला, त्या कोल्हापूरच्या दुसऱ्या शहाजी महाराजांविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

त्यांचें मूळ नांव विक्रमसिंहराव पवार. जन्म ४ एप्रिल १९१०. वडील तुकोजीराव हे देवास थोरल्या पातीचे राजे. मातोश्री अक्कासाहेब राजर्षि शाहू छत्रपतींच्या कन्या. कर्जानें गांजलेले तुकोजीराव पाँडिचेरीस गेले व १९३७ सालीं तेथेंच निवर्तले. गादी विक्रमसिंहरावांकडे आली.

संस्थानिकावर युद्धास जाण्याची सक्ती नव्हती. युद्धनिधीस रक्कम देऊन त्यास राजवाड्यांत स्वस्थ बसतां आलें असतें. विक्रमसिंहराव मात्र दुसऱ्या महायुद्धांत मराठा लाइट इन्फन्ट्रीबरोबर मध्यपूर्वेच्या आघाडीवर गेले. घरीं ज्याचा शब्द हाच कायदा, त्यानें पलटणींत वरिष्ठाचा हुकूम मुकाट्यानें पाळावयाचा! हें शिक्षण सिंहासनावर बसून मिळत नाहीं.

इकडे कोल्हापुरांत त्यांचे मामा राजाराम महाराज १९४० सालीं वारले. गादीवर दत्तक आलेले बाल शिवाजी महाराजही १९४६ सालीं गेले. तेव्हां १९४७ सालीं मामी ताराबाई महाराणींनीं विक्रमसिंहरावांस दत्तक घेतलें. देवासची गादी पुत्र कृष्णाजीरावांस मिळाली आणि पवारांचे भोसले झाले. पण पुरतीं दोन वर्षें होण्यापूर्वींच, १ मार्च १९४९ रोजीं, कोल्हापूर मुंबई प्रांतांत विलीन झालें.

पुढें १९६२ सालीं त्यांनीं स्वतः दत्तक घेतला, तो आपल्या कन्येचा पुत्र. नागपूरकर भोसल्यांच्याच घरचा. राजाराम महाराजांच्या कन्या पद्माराजे यांचा हक्क डावलला गेला, या भावनेनें कोल्हापुरांत मोठा क्षोभ उसळला. हें सांगितल्यावांचून चरित्र पुरें होत नाहीं.

१९७१ सालीं संस्थानिकांचे तनखे व मानमरातब कायद्यानें संपले. ९ मे १९८३ रोजीं महाराज निवर्तले. एक गादी त्यांना जन्मानें मिळाली, दुसरी दत्तविधानानें. दोन्ही काळानें नेल्या. रणभूमीवर स्वखुषीनें केलेली चाकरी मात्र कोणत्याही कायद्यानें खालसा होत नाहीं.