चुलीवरचा पिझ्झा आणि उष्णतेच्या तीन वाटा

आपल्या देशातील बहुतेक घरांत अन्न शिजते ते खालून मिळणाऱ्या आचेवर. चूल असो, शेगडी असो वा गॅस असो, ज्योत भांड्याच्या खाली असते. पिझ्झा हा पदार्थ मात्र इटलीतील नेपल्स शहरात भट्टीच्या आश्रयाने वाढला. भट्टी नसलेल्या घरात तो प्रथमच करू पाहणाऱ्याच्या वाट्याला बहुधा एकच अनुभव येतो : तळ करपतो आणि वरची बाजू फिकट, ओलसर राहते. हा दोष करणाऱ्याच्या हाताचा नव्हे. उष्णता कोणत्या वाटेने येते याचा आहे. ती वाट समजली की उपायही सुचतो.

भट्टी काय करते?

उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी तीन प्रकारांनी जाते. तापलेल्या वस्तूला दुसरी वस्तू टेकली असता ती जाते, त्यास वहन म्हणतात. तापलेली हवा, वाफ वा पाणी स्वतः हलून उष्णता वाहून नेते, ते अभिसरण. तिसरा प्रकार प्रारणाचा. त्यास स्पर्शही लागत नाही आणि मध्ये हवाही लागत नाही. शेकोटीसमोर बसले असता चेहरा तापतो, तो प्रामुख्याने प्रारणामुळे.

नेपल्सच्या लाकूड जाळणाऱ्या भट्टीत हे तिन्ही प्रकार एकाच वेळी काम करतात. तापलेल्या फरशीतून तळाला उष्णता मिळते ती वहनाने. ज्वाळांपासून व घुमटाकार छतापासून वरच्या बाजूस मिळते ती मुख्यतः प्रारणाने. तापलेली हवाही आत फिरत असते. फरशीचे आणि घुमटाचे तपमान ४०० अंश सेल्सिअसच्या वर असते. म्हणूनच तेथे पिझ्झा अवघ्या ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. नेपल्समधील पिझ्झा करणाऱ्यांच्या या कलेला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

शेगडीवर उणीव पडते ती वरून येणाऱ्या प्रारणाची. ही उणीव केवढी, ते गणिताने पाहता येते. ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ योसेफ स्टेफान यांनी १८७९ साली असे दाखविले की, वस्तूपासून निघणारे प्रारण तिच्या निरपेक्ष तपमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. निरपेक्ष तपमान काढण्यासाठी सेल्सिअस अंशांत २७३ मिळवावयाचे. भट्टीचा घुमट ४५० अंशांवर, म्हणजे ७२३ केल्व्हिनवर आहे, आणि तव्यावरील झाकण १५० अंशांवर, म्हणजे ४२३ केल्व्हिनवर आहे, असे समजू. या दोन संख्यांचे गुणोत्तर सुमारे १.७१ येते, परंतु त्याचा चौथा घात सुमारे साडेआठ भरतो. इतर बाबी समान धरल्या तर घुमटापासून झाकणाच्या साडेआठ पट प्रारण निघेल. चकचकीत झाकण तर काळ्या लोखंडापेक्षा पुष्कळच कमी प्रारण देते. तेव्हा वरची बाजू फिकट राहिली तर नवल नाही.

उलटण्याची युक्ती

मग तव्यावर भाकरी कशी भाजते? आपण ती उलटतो. तसेच चुलीवरची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांसमोर उभी करण्याची रीत आहे. ती म्हणजे प्रारणाचा उपयोगच होय. इटलीतही रोमान्या भागात पियादिना नावाची पातळ पोळी तव्यावरच भाजतात. खुद्द नेपल्समध्ये तेलात तळलेला पिझ्झा विकण्याची परंपरा आहे आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात तो गोरगरिबांचा आधार ठरला. अर्थात, भट्टीवाचून पिझ्झा हा विचार पिझ्झाच्या जन्मभूमीसही परका नाही.

अडचण एवढीच की, टोमॅटो आणि चीज घातल्यावर पिझ्झा उलटता येत नाही. म्हणून तो आधी उलटावा आणि मग सजवावा.

दोन पिझ्झांसाठी २०० ग्रॅम मैदा, सुमारे १२५ मिलिलिटर कोमट पाणी, एक लहान चमचा कोरडे यीस्ट, अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा तेल घ्यावे. पीठ दहा मिनिटे चांगले मळावे. मळल्याने गव्हातील प्रथिनांचे ग्लुटेन नावाचे लवचीक जाळे तयार होते, आणि यीस्टपासून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू त्यात अडकून राहतो. पीठ झाकून ठेवावे व दुप्पट फुगू द्यावे. उन्हाळ्यात यास तासभर पुरतो; थंडीत अधिक वेळ लागतो.

टोमॅटोचा रस आधीच आटवून दाट करावा. यामागे पक्के कारण आहे. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्ची पडते, आणि पृष्ठभाग ओला असेतोवर त्याचे तपमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही. भाजल्याचा तांबूस रंग व खमंग वास ज्या रासायनिक क्रियेने येतो, ती मात्र सुमारे १४० अंशांच्या पुढेच वेगाने घडते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली तिचे वर्णन केले. ओल्या पिझ्झाला रंग चढत नाही, तो यामुळे.

आता उंच काठाचा बिडाचा तवा मध्यम आचेवर तापवावा. अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी त्यावर टाकावी. दोन-तीन मिनिटांत खाली तांबूस ठिपके दिसले की ती उलटावी, आच मंद करावी, आणि वर आलेल्या भाजक्या बाजूवर टोमॅटोचा थर व किसलेले चीज पसरावे. झाकण ठेवून चार-पाच मिनिटे थांबावे. कोंडलेली उष्ण हवा व वाफ चीज वितळविते. हे अभिसरणाचे काम. तांबूसपणा देणे मात्र वाफेच्या आवाक्याबाहेरचे आहे.

त्यासाठी दुसऱ्या चुलीवर एक जड लोखंडी तवा चांगला तापवून झाकणाच्या जागी दोन मिनिटे ठेवावा. तो ३०० अंशांवर असेल, तर वरील हिशोबाने १५० अंशांच्या झाकणाच्या तिपटीहून अधिक प्रारण देईल. झाकणावर निखारे रचण्याची आपल्याकडील जुनी रीत याच तत्त्वावर चालते. हे काम मोठ्या माणसांनी, भक्कम पकडीने करावे. न चिकटणाऱ्या लेपाची भांडी यासाठी वापरू नयेत. अति तापल्यास त्या लेपातून अपायकारक धूर निघतो.

असा पिझ्झा नेपल्सच्या भट्टीतल्यासारखा होईल, असे म्हणणे खरे ठरणार नाही. त्याची कड तितकी फुगणार नाही आणि तीवर काळपट ठिपकेही उमटणार नाहीत. कारण दीड मिनिटात मिळणारी उष्णता येथे आठ-दहा मिनिटांत मिळते, आणि तेवढ्या अवधीत पीठ अधिक कोरडे होते. परंतु तळ खरपूस, मध्य शिजलेला आणि चीज वितळून वरून किंचित तांबूस, इतके निश्चित साधते. भट्टी विकत घेणे प्रत्येकास शक्य नसते. भट्टीचे कार्य समजून घेणे मात्र प्रत्येकास शक्य आहे.