जुना अलार्म पुसण्याआधी

समुद्रपूर तालुक्यातलं जाम बाहेरच्यांना ठाऊक असतं ते चौरस्त्यामुळे. नागपूरहून येणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ इथून हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जातो आणि वरोरा-चंद्रपूरचा रस्ता इथेच फुटतो. रस्त्याच्या कडेने फायबर जातं, त्यामुळे कुठे साइडपट्टी खोदली, पाइप टाकला की केबल तुटते. आमच्या नेटवर्क मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर या पट्ट्यातल्या अलार्मच्या लाल ओळी साचतात त्या अशा. केबल रात्रीतून जोडली जाते, पण काही ओळी महिनोन्‌महिने तशाच राहतात.

लाल ओळ आपोआप का जात नाही? लिंक पडली की उपकरण एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलचा एक ट्रॅप, म्हणजे सूचना, पाठवतं, परत आली की दुसरा. दोन्ही यूडीपीच्या १६२ नंबर पोर्टवर येतात आणि यूडीपीला पोच नसते. लिंक नुकतीच उभी राहिलेली, मार्ग अजून स्थिरावलेले नाहीत, अशा वेळी ‘आलो’ म्हणणारा ट्रॅप वाटेत हरवू शकतो. पोच मागणारा ‘इन्फॉर्म’ एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे, पण अनेक उपकरणं अजून साधा ट्रॅपच पाठवतात.

म्हणून ‘क्लिअर’ दाबण्याआधी आम्ही उपकरणालाच विचारतो. इंटरफेसच्या ऑपर-स्टेटसचं उत्तर १ आलं तर चालू, २ आलं तर बंद. १ आलं तरी गावात फोन जातो. पलीकडून बहुधा असंच ऐकू येतं : “अजी, नेट तं परवापासूनच सुरू आहे! तुमाले कोनं सांगतलं बंद म्हनून?” मग ओळ बंद होते; कोणी, कधी आणि काय तपासून, एवढी नोंद सोबत राहते.

दुसऱ्या जातीची ओळ पुसली तरी पुन्हा उगवते. वीज पडून एखाद्या ग्रामपंचायतीतलं ओएनटी, म्हणजे फायबरच्या टोकाचं उपकरण, जळतं, माणूस जाऊन नवं बसवून येतो. नव्याचा सिरीयल नंबर वेगळा. ओएनटी ज्याला जोडलेली असतात त्या एक्स्चेंजमधल्या ओएलटीवर जुना नंबर तसाच नोंदलेला असतो, आणि पुढच्या तपासणीत तो परत ‘ऑफलाइन’ दिसतो. इथे अलार्म खोटा नाही, यादी शिळी आहे. ओएलटीवरची आणि स्टोअरच्या रजिस्टरमधली जुनी नोंद काढली, तरच ती ओळ कायमची जाते.

तिसरी जात फसवी. झॅबिक्स या मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अलार्म बंद व्हायला नवं माप यावं लागतं. फर्मवेअर बदलल्यावर ज्या पत्त्यावरून माप वाचायचं तो पत्ताच बदलला, तर आयटम, म्हणजे त्या मापाची नोंद, ‘नॉट सपोर्टेड’ होतो, आणि उघडा असलेला अलार्म उघडाच राहतो. दुखणं बरं झालं की वाढलं, हे सांगणारंच कोणी उरत नाही. आधी आयटम दुरुस्त करायचा, माप येऊ द्यायचं, मग अलार्मचा निर्णय.

आणि काही ओळी जुन्या असूनही खऱ्या असतात. जीपीऑन या फायबर तंत्राच्या बी प्लस वर्गात ओएनटीला उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश चालतो. उणे २६ च्या आसपास घुटमळणाऱ्या गावात नेट चालू असतं, म्हणून पाळीमागून पाळी त्या इशाऱ्यावर ‘ॲक’ मारून पुढे जाते. पण ॲक म्हणजे फक्त ‘पाहिलं’. तुटून जोडलेल्या केबलचा एखादा वाकलेला धागा किंवा मळलेला कनेक्टर तिथे प्रकाश खात असतो. ओटीडीआर हे तपासयंत्र लावून दोषापर्यंतचं अंतर काढायचं, जॉइंट उघडायचा; पावसाळ्याआधी हे झालं नाही तर पाणी शिरल्यावर तेच गाव अंधारात जातं.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघाताच्या पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त अलार्म वाजले. त्यातले कामाचे कोणते, हे ऑपरेटरांना निवडता येईना. आमचं संकट संथ आहे. शिळ्या ओळींची सवय झालेला डोळा जामजवळच्या ताज्या तुटीवरूनही तसाच सरकतो.

आता नवा अलार्म लावायची मागणी आली की तो कधी वाजणार हे सांगून भागत नाही. तो कशाने बंद होणार आणि उपकरण काढलं तर यादीतून कोण काढणार, हेही लिहून घेतो. ज्या अलार्मला ही दोन उत्तरं नसतात, तो लावतच नाही.